पैलू आणि पाणी

ओपलला पैलू पाडायचे नाहीत, हा रत्नकामातला जुना शिरस्ता. ओपल घासायचा, वरून घुमटासारखा गोलवा द्यायचा, खालची बाजू सपाट ठेवायची आणि कोंदणात बसवायचा. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पिडी किंवा लायटनिंग रिजच्या दगडाला शंभर वर्षांहून अधिक काळ हाच न्याय लागला. अपवाद होता तो मेक्सिकोतल्या केरेतारो भागातल्या फायर ओपलचा. तो शेंदरी-नारिंगी आणि पारदर्शक. रंगांची हलती झळक त्यात बहुधा नसते, असतो तो अंगचा रंग. त्यामुळे माणकासारखे पैलू पाडून तो विकायला कुणाची हरकत नव्हती. ज्या ओपलमध्ये रंग खेळतात त्याला मात्र पैलू नकोत, यावर बहुतेकांचं एकमत होतं.

हे एकमत आता जयपुरात रोज मोडलं जातं. जोहरी बाजारात किंवा गोपालजींच्या रस्त्यावर एखाद्या व्यापाऱ्याला ओपलचा माल दाखवायला सांगा. घुमटाकार खडे निघतील, मण्यांच्या माळा निघतील, आणि त्यांच्या जोडीने कागदाच्या पुड्यांतून गोल, लंबगोल, थेंबाच्या आकाराचे पैलूदार ओपलही निघतील. पुडी उघडल्यावर प्रथम काचेचे तुकडे असावेत असं वाटतं. खडा चिमट्यात धरून जरा कलता केला की आतून हिरवा, मग केशरी, मग एकदम जांभळा रंग उसळतो आणि तो पैलूंच्या कडांवर तुटून दहा जागी दिसतो. पाहणाऱ्याला भुरळ पडावी असंच ते दृश्य आहे.

हे पुस्तक त्या खड्यांविषयी आहे. ते कुठल्या दगडातून येतात, कुठल्या चाकावर घासले जातात, त्यात काय साधतं आणि काय हातचं जातं, याची माहिती मराठीत एकत्र मिळावी, एवढा यामागचा हेतू. माझं मत आधीच सांगून टाकतो. ओपलला पैलू पाडणं हा थोडा हट्टाचा उद्योग आहे. तो हट्ट पुरवण्याजोगा दगड क्वचितच हाती लागतो, आणि तो ओळखून बाकीचा माल निमूटपणे घुमटाच्या कामाला पाठवणं हे या धंद्यातलं निम्मं कसब आहे. जयपुरातले जाणते कारागीर हे जाणतात. घाईत असलेला व्यापारी ते नेहमी जाणतोच असं नाही.

हट्ट का म्हणतो, ते समजण्यासाठी थोडं प्रकाशाचं गणित करावं लागेल. पैलू कशासाठी पाडतात? वरून आत शिरलेला प्रकाश खालच्या तिरप्या पैलूवर आपटावा, तिथून समोरच्या पैलूवर जावा आणि तिथून परत वर, बघणाऱ्याच्या डोळ्यांत यावा, यासाठी. पण किरण पैलूवर पुरेसा तिरका पडला तरच तो आत परततो, नाहीतर सरळ बाहेर निसटतो. किती तिरका, हे दगडाच्या अपवर्तनांकावर अवलंबून असतं. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, म्हणून त्याला साडेचोवीस अंशही पुरतात. माणकाला आणि नीलमाला साडेचौतीसच्या आसपास लागतात, साध्या स्फटिकाला चाळीसच्या वर. ओपलचा अपवर्तनांक १.४५ धरला तर हा आकडा ४३.६ अंशांवर जातो. दुसऱ्या पैलूवरच्या परतीचाही हिशेब मांडला, तर खालच्या पैलूंचा कल साडेपंचेचाळीस अंशांपलीकडे नेता येत नाही. म्हणजे कारागिराच्या हाती उरले जेमतेम दोन अंश. हिऱ्याच्या कारागिराला हीच मोकळीक सत्तावीस अंशांची असते.

आणि हे झालं घट्ट बांध्याच्या ओपलचं. जयपुरात आज जो ओपल सर्वांत जास्त घासला जातो तो इथिओपियाचा. तो सच्छिद्र असतो आणि त्याचा अपवर्तनांक १.३६ ते १.४३ इतका खाली नोंदला गेला आहे. अपवर्तनांक १.४१४ झाला, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतका, की वरच्या दोन्ही अटी नेमक्या पंचेचाळीस अंशांवर एकमेकींना भिडतात. त्याखाली सरळ आत आलेल्या किरणाला दोन्ही वेळा परतवणारा कल अस्तित्वातच नाही. कारागीर कितीही तयारीचा असो, अशा खड्याच्या मधोमध खिडकी राहणारच. खडा वर्तमानपत्रावर ठेवला तर खालची अक्षरं दिसतील.

मग हा खटाटोप कशासाठी? कारण ओपलचा रंग खालच्या पैलूंवरून परतलेल्या प्रकाशावर अवलंबून नसतो. तो दगडाच्या बांधणीतच असतो. १९६४ साली ऑस्ट्रेलियात जे. व्ही. सँडर्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मौल्यवान ओपल पाहिला, तेव्हा त्यात सिलिकाचे एकसारखे सूक्ष्म गोळे दिसले. फळवाल्याने संत्र्यांचा मनोरा रचावा तसे ते ओळींवर ओळी रचलेले होते. गोळ्यांमधल्या पोकळ्याही तितक्याच शिस्तीत असतात आणि प्रकाश त्यांवरून विखुरताना ठरावीक दिशेला ठरावीक रंग पाठवतो. गोळे लहान असतील तर निळा-जांभळा रंग, मोठे असतील तर तांबडाही. गोळ्यांचा आकार किंवा रचना विस्कळीत असेल तर काहीच नाही. तो साधा, दुधी, मुका ओपल.

म्हणजे पारदर्शक ओपलच्या खिडकीतून खालची अक्षरं दिसतात खरी, पण खडा हलला की त्याच खिडकीत रंगाचा पट्टा येऊन बसतो. वरच्या पैलूंवर पांढरी चमक असते, आत रंग असतो. खालच्या पैलूंपैकी जे थोडेफार किरण परतवतात ते त्या रंगाची आणखी एक प्रत दाखवतात. चांगल्या पैलूदार ओपलची सगळी गंमत या सरमिसळीत आहे. मात्र त्यासाठी दगड पारदर्शक हवा, रंग दगडाच्या पोटात सगळीकडे असावा आणि तो वरच्या बाजूने दिसावा. यातली एक अट चुकली तरी पैलू पाडून हाती येते ती धुरकट काच.

हा माल जयपुरात आला तोही फार पूर्वी नव्हे. इथिओपियाच्या ओपलची पहिली मोठी लाट १९९४ च्या सुमारास शेवा प्रांतातून आली. ते तपकिरी गोटे होते, आत सुंदर रंग असायचे, पण त्यांतल्या बऱ्याच मालाला तडे जात आणि बाजारात त्याचं नाव खराब झालं. नंतर २००८ मध्ये वोलो भागात वेगेल तेना गावाजवळ दुसरा साठा सापडला. डोंगराच्या उभ्या कड्यात, ज्वालामुखीच्या राखेच्या थरांमध्ये ओपलचा एक पातळ पट्टा आहे. आसपासची शेतकरी माणसं हातोडे-छिन्न्यांनी कड्यात अरुंद बोगदे खोदून तो काढतात. हा ओपल शेवाच्या मानाने कितीतरी टिकाऊ निघाला. फ्रेंच आणि इतर संशोधकांनी २०१० साली त्याचा सविस्तर अभ्यास छापला. त्यात त्यांनी काही खडे दीड मीटर उंचीवरून काँक्रीटच्या जमिनीवर टाकले होते आणि ते फुटले नाहीत. ओपल म्हणजे फुटका, ही समजूत निदान या खाणीपुरती तरी सैल झाली. माल भरपूर, पारदर्शक आणि ऑस्ट्रेलियाच्या मानाने स्वस्त. अशा मालाला हात लावायला जयपूरइतकं तयार गाव दुसरं नव्हतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे एक शंका येईल. इथिओपियाचं पठारही ज्वालामुखीचं, आपलं दख्खनही ज्वालामुखीचं. मग आपल्याकडे ओपल का नाही? ओपल आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अगेट, कॅल्सिडोनी आणि झिओलाइटच्या जोडीला साधा ओपलही सापडतो. नाशिकजवळ सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात या पोकळ्यांतला ऐवज बघायला मिळतो आणि तो जगात नावाजलेला आहे. पण रंग खेळवणारा, बाजारात विकण्याजोगा ओपल आपल्या कातळाने दिलेला नाही. आपली लाव्ह्याची घडण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, तिकडची साधारण तीन कोटी वर्षांची. शिवाय तिकडे ओपल सापडतो तो घट्ट पाषाणात नव्हे, सिलिकाने समृद्ध अशा राखेच्या थरांत. या राखेतून झिरपणारं पाणी सिलिका घेऊन गेलं आणि पोकळ्यांत साचलं.

जयपूरकडे येऊ. १७२७ साली सवाई जयसिंगांनी शहर वसवलं तेव्हाच बाजारपेठा आणि कारागिरांचे मोहल्ले आखून दिले होते. सांगानेरी दरवाजापासून बडी चौपडपर्यंतचा जोहरी बाजार हा त्यातलाच. पाचूचा तर हा गड. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला कच्चा पाचू इथे घासला जाऊन जगभर जातो. विकणारे बरेचसे जैन आणि मारवाडी घराण्यांतले, घासणारे बरेचसे रामगंज आणि घाटगेट भागांतले मुसलमान कारागीर. मोठे कारखाने आता सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गेले, पण आजही पुष्कळ काम घरातल्याच एखाद्या खोलीत चालतं. दोन-तीन चाकं, एक मोटर, भिंतीवर ट्यूबलाइट, आणि शेजारच्या खोलीत संसार.

कोनांचा विषय निघाला आहे म्हणून एक आडवाट. याच जयसिंगांच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे महाराष्ट्रीय पंडित होते. त्यांनी अरबीतून युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. त्या ग्रंथाचं नाव ‘रेखागणित’, आणि तो छापून निघाला तो आपल्या मुंबईत, १९०१-०२ साली. टॉलेमीचं खगोलशास्त्रही त्यांनी संस्कृतात उतरवलं. जंतरमंतरातली यंत्रं कोन मोजण्यासाठी उभी आहेत. त्या यंत्रांचा रामगंजमधल्या चाकाशी थेट संबंध जोडणं ओढूनताणून होईल. तरी अंशाअंशाचा हिशेब करणाऱ्या या शहराच्या पायाभरणीत एक मराठी माणूस होता, हे मराठी वाचकाला ठाऊक असावं.

आता प्रत्यक्ष काम. कच्च्या मालाला जयपुरात खरड म्हणतात आणि घासणाऱ्याला बेगडी. ओपलची खरड खडूसारख्या पांढुरक्या किंवा मातकट सालीची असते. तिच्यावर एखादी खिडकी घासून दिलेली असते आणि व्यापारी त्या खिडकीकडे बघून माल घेतो. कारागीर मात्र प्रत्येक तुकडा दिव्याखाली धरून सगळ्या बाजूंनी फिरवतो. त्याला रंग आहे का एवढंच बघायचं नसतं, रंग कुठल्या बाजूने दिसतो हे बघायचं असतं. एखाद्या तुकड्यात समोरून लाल भडका दिसतो आणि नव्वद अंश वळवला की निळसर काजळी. पैलूदार खड्याचा वरचा सपाट भाग, ज्याला सगळे टेबल म्हणतात, तो या लाल बाजूला यायला हवा. पण त्या बाजूने टेबल घेतलं तर खड्याची उंची कमी पडते आणि वजन घटतं. दुसऱ्या बाजूने घेतलं तर वजन चांगलं बसतं, रंग मात्र कडेला जातो. खडा विकायचा कॅरेटवर. इथे कारागीर आणि मालक यांची मतं वेगळी पडू शकतात, आणि बहुतेकदा मालकाचं चालतं. पुड्यांमध्ये जे निस्तेज पैलूदार ओपल दिसतात त्यांतले कितीतरी या एका निर्णयात बिघडलेले असतात.

हा निर्णय दगड कोरडा असतानाच घ्यावा लागतो, आणि इथेच ओपल इतर रत्नांहून वेगळा पडतो. वेगेल तेनाचा ओपल पाणी पितो. शास्त्रात अशा ओपलला हायड्रोफेन म्हणतात. कोरडा असताना दुधी दिसणारा तुकडा पाण्यात ठेवला तर कडेकडेने काचेसारखा होत जातो आणि काही वेळाने भांड्यात शोधावा लागतो. कधी पारदर्शक होताना त्याचे रंग अधिक खुलतात, कधी साफ नाहीसे होतात. वाळला की परत येतात, पण त्याला काही तास लागतील की काही दिवस, हे दगडाच्या आकारावर आणि छिद्रांवर अवलंबून. या गुणाचा एक फायदा कारागीर उचलतात. ओला, पारदर्शक झालेला तुकडा उजेडात धरला की आतले तडे, माती आणि वाळूचे कण स्पष्ट दिसतात. तोटा असा की एकदा चाकावर पाणी पडायला लागलं की रंगावर नजर ठेवून काम करता येत नाही. सकाळी दुधी असलेला खडा दुपारपर्यंत कडेने स्वच्छ आणि पोटात धुरकट झालेला असतो. कारागीर घासत असतो तो सकाळी कोरड्यावर केलेल्या पेन्सिलीच्या खुणेच्या भरवशावर.

माणिक किंवा पुखराज दांडीवर चिकटवायला लाख तापवून लावतात. ओपलला ती धग सोसत नाही, म्हणून थंड गोंद वापरतात. पुढे कच्चा घाट दिला जातो, म्हणजे गोल, लंबगोल असा ढोबळ आकार. मग हिऱ्याच्या भुकटीच्या चकतीवर एकेक पैलू. जुन्या पद्धतीत दांडीचं दुसरं टोक चाकाशेजारच्या भोकं पाडलेल्या फळीत अडकवून कोन धरला जायचा. भोक बदललं की कोन बदलला. आता अंश मोजणारी आणि दांडी ठरावीक टप्प्यांनी फिरवणारी यंत्रं सर्रास आहेत, पण हात तोच लागतो. ओपलचं काठिण्य मोह्स मापावर साडेपाच ते साडेसहा, माणकाचं नऊ. माणकावर जोर देऊन बसलेल्या कारागिराचा हात ओपलवर आला की पहिल्या दिवशी पैलू हमखास मोठे होतात. चाकाला टेकवलं न टेकवलं तोच पैलू शेजारच्यावर चढलेला असतो. तीन पैलूंच्या कडा एका बिंदूत मिळाव्या लागतात. तो बिंदू सरकला की सगळी ओळ पुन्हा खाली घ्यावी लागते, आणि ओपलमध्ये पुन्हा खाली घेण्याइतका दगड उरलेला नसतो.

चकाकी आणण्याचं काम सेरियम ऑक्साइडवर होतं. हे फिकट गुलाबी-बदामी चूर्ण पाण्यात कालवून चकतीवर लावतात. इथे एकच गोष्ट सांभाळायची असते, ती म्हणजे उष्णता. चकती कोरडी पडू लागली की दगड तिला चिकटल्यासारखा ओढतो, आवाज बदलतो, आणि त्या क्षणी हात उचलला नाही तर पैलूच्या पृष्ठभागाखाली केसासारखी रेघ उमटते. ती पुसता येत नाही. बेगडीचं लक्ष तेव्हा डोळ्यांपेक्षा कानांकडे असतं. मोटरच्या घरघरीत तो आवाज नवख्याला ऐकूही येत नाही. सेरियमशिवाय रंगीत चूर्ण किंवा तेलकट मिश्रण अशा दगडाला लावू नये, कारण तो पाण्याबरोबर रंगही आत ओढून घेतो आणि तो डाग मग जात नाही.

पॉलिश झालं की खडा वाळवायचा. सावलीत, कागदात गुंडाळून, घाई न करता. जयपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात किंवा दिव्याच्या उष्णतेत ठेवला तर बाहेरचा थर आधी आकसतो आणि तडा जातो. वजन रोज करत राहायचं. ते घटायचं थांबलं म्हणजे खडा वाळला.

इतकं पाणी सांभाळण्यापेक्षा ओपल कोरडाच घासला तर? कोरडा घासला तर रंग सतत दिसतो, वाळवायचा वेळ वाचतो, वजन लगेच करता येतं. हा मार्ग मोहाचा आहे आणि तो पत्करणारे लोक आहेत. मला त्याविषयी काही अवघड बोलायचं आहे. ओपल म्हणजे सिलिका, आणि इथिओपियाच्या ओपलमध्ये स्फटिकी सिलिकाचे सूक्ष्म घटकही असतात. कोरड्या चाकावरून उडणारी धूळ इतकी बारीक असते की ती फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते. गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्या वस्त्यांत सिलिकोसिसने काय केलं, हे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या अभ्यासांत नोंदलेलं आहे. तिथेही काम घरात चालायचं आणि धूळ चाकावर बसणाऱ्यापुरती राहायची नाही. चूल, अंथरूण, पोरंबाळं, सगळ्यांपर्यंत जायची. जयपूरची ती खोली आणि खंभातची ती खोली यांत फरक असलाच तर चाकावर टपकणाऱ्या पाण्याचा. नाकाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. जो व्यापारी लवकर माल मागतो आणि कसा घासला हे विचारत नाही, तो या धुळीत भागीदार आहे, असं मी म्हणतो.

पाण्याची दुसरी बाजू बाजारात दिसते. सच्छिद्र ओपल पाणी पिऊन जड होतो. वर सांगितलेल्या अभ्यासात ही वाढ दहा टक्क्यांच्या घरात गेल्याची नोंद आहे. ओला खडा कॅरेटवर विकला तर गिऱ्हाईक पाण्याचे पैसे देतं. जिथे ओलाव्याला किंमत आहे तिथे खरेदीला वेळ काढून जावं आणि खडा रात्रभर कोरड्या कागदात ठेवून पुन्हा तोलावा, हा व्यवहाराचा साधा नियम. तीच सच्छिद्रता वापरून पांढरा ओपल धुराने किंवा रंगाने काळा करतात. काळ्या अंगावर रंग उठून दिसतात आणि ऑस्ट्रेलियाच्या काळ्या ओपलची आठवण होते. पैलूदार खड्यात हा काळेपणा पैलूंच्या कडांवर किंवा बारीक चिरांत गोळा झालेला भिंगाखाली दिसू शकतो. प्रक्रिया सांगून विकलेला माल हा सरळ व्यवहार आहे, न सांगता विकलेला नाही. शंका असेल तर जयपुरातच रत्नपरीक्षण प्रयोगशाळा आहे, १९७२ पासून. कारखान्यात तयार झालेला ओपलही आहे. फ्रान्सच्या जिल्सन कंपनीने १९७४ मध्येच तो बाजारात आणला होता.

आपल्याकडे ओपल विकत घेणाऱ्यांतले बरेचजण तो दागिन्यासाठी घेत नाहीत, शुक्रासाठी घेतात. नवरत्नांत ओपल नाही. शुक्राचं रत्न हिरा, आणि हिरा परवडत नाही म्हणून उपरत्न म्हणून ओपल सुचवला जातो. युरोपात १८२९ साली वॉल्टर स्कॉटच्या एका कादंबरीनंतर तोच दगड अपशकुनी म्हणून बदनाम झाला होता. ग्रहांविषयी या पुस्तकात काही नाही. पण अंगठीविषयी आहे, कारण शुक्राची अंगठी बोटातून काढायची नाही असं सांगितलेलं असतं, आणि मराठी घरात बोटं दिवसभर पाण्यात, तेलात आणि हळदीत असतात. भांडी घासताना अंगठीतला ओपल पारदर्शक होऊन रंग गेला तर घाबरू नये, काढून सावलीत ठेवावा, येईल. हळद आणि तेल मात्र आत जाऊन राहतात. दिवाळीच्या अभ्यंगाच्या वेळी तरी अंगठी काढून ठेवावी. ग्रह तेवढं समजून घेतील.

पुढची प्रकरणं कामाच्या क्रमाने लावली आहेत: दगड निवडणं, टेबलाची बाजू ठरवणं, चिकटवणं, घाट, पैलू, चकाकी, वाळवणं, तोलणं. कोनांचे तक्ते दोन दिले आहेत, एक घट्ट ओपलसाठी आणि एक सच्छिद्र ओपलसाठी. दुसऱ्या तक्त्यातल्या खड्यांना खिडकी राहणार हे गृहीत धरूनच तो मांडला आहे. ती लपवण्यासाठी खालची बाजू उगाच खोल करू नये, वजन वाढेल आणि रंग बुडेल. मुंबई-पुण्यात रत्नशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी या तक्त्यांवर थेट उडी मारू नये. आधी स्वस्त स्फटिकावर हात बसवावा. तोही सिलिकाच, फक्त अधिक कठीण, आणि एखादा तुकडा बिघडला तर वाईट वाटत नाही. त्यानंतर मेक्सिकोचा फायर ओपल, आणि मगच इथिओपियाचा.

एक विनंती सर्वांना, शिकणाऱ्यांना आणि कारखाना चालवणाऱ्यांनाही. या पुस्तकातली बाकीची कुठलीही सूचना आपल्या अनुभवाने बदलली तरी चालेल, पण पाणी सुरू केल्याशिवाय दगड चाकाला लावू नका, आणि दुसऱ्यालाही लावू देऊ नका.